भरितातला अंगठा

अमळनेरची आमची पतपेढी
दिवाळीनंतर नाशिकच्या बँकेत विलीन झाली.
विलीन म्हणजे काय, ते आधी कळलं नाही.
मग बाकं गेली, लाकडी गल्ला गेला,
खिळ्यावरचा गणपती फायलींसोबत माळ्यावर गेला
आणि भिंतीतून एक बाई बोलू लागली, नुसता आवाज:
"टोकन क्रमांक एकोणीस, काउंटर तीन."
काउंटर दोनच आहेत.
एकोणीस नंबरचे निंबा आप्पा
तिसरं शोधत पार सायकलच्या दुकानापर्यंत जाऊन आले.

नवे साहेब अठ्ठावीस वर्षांचे,
आम्हाला टीम म्हणतात.
त्यांच्या स्वागताला टीमने
झोपेंच्या मळ्यात भरीत पार्टी केली.
बामणोदची वांगी, पऱ्हाटीचा जाळ,
कळण्याची भाकरी, कांद्याची पात,
आणि मी, बावीस वर्षं नोटा मोजलेला माणूस,
साहेबांना दाखवायला गेलो
की वांगं गरम असतानाच सोलायचं असतं.
वांगं सोललं गेलं.
अंगठाही.

सोमवारी हजेरीच्या मशीनला लाल दिवा लागला.
"कृपया पुन्हा प्रयत्न करा,"
टोकनवाल्या बाईचीच कुणी बहीण म्हणाली.
केला. फुंकर घालून केला, पँटला पुसून केला,
झिपरूच्या सल्ल्याने खोबरेल लावून केला.
"भाऊसाहेब," झिपरू म्हणाला,
"तुम्हना आंगठा भरीतमा गया.
मशीन आते वांगालेच वळखी."

घरी निराळंच.
शनिवार-रविवार टीव्हीवर गाण्याची स्पर्धा,
त्यात शिंदखेड्याची पोरगी, बाप गॅरेजवाला.
नऊ वाजता आमची गल्ली अशी गप्प
की कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तरी लोक रागावत.
परीक्षक रडायचे. एक उभा राहून,
एक चष्मा काढून, एक जाहिरातीनंतर.
झिपरूचं मत: "तेसले रडाना पैसा भेटस.
मे महिनामा आठे आना म्हना,
आसू गालवर येवाना पहिलेच वाळी जाई."
कोकिळाचं, म्हणजे आमच्या हिचं मत:
"बापाचे ग्रीसचे हात दहादा कशाला दाखवतात?
पोरगी काय हातांनी गाते?"
माझं मत कुणी विचारलं नाही,
म्हणून मी दिलं.
पट्टीचा अंगठा फोनवर घसरला
आणि माझी पाचही मतं
पुण्याच्या बासरीवाल्या पोराला गेली.
पोरगी त्याच रात्री बाहेर पडली.
दोन दिवस वरणाला फोडणी नव्हती.
(गल्लीत हे अजून कुणाला माहीत नाही. असू द्या.)

महिनाअखेरीस साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.
तेवढ्यात वीज गेली, ती त्यांना बरीच वाटली.
"या महिन्याचे तारांकित कर्मचारी आहेत..."
थांबले.
आमच्याकडे बघून पुन्हा थांबले.
एवढ्यात माझी दोन पासबुकं भरून झाली असती.
"...लीलाधर वामन सरोदे!"

मी?
सिस्टीमच्या हिशेबात माझ्या चुका शून्य,
तक्रारी शून्य, उशीर शून्य.
हजेरीही शून्य,
पण ते खालच्या ओळीत होतं,
तिथवर कुणी वाचलं नाही.
पगारवाल्यांनी मात्र वाचलं. त्यांनी अकरा दिवस कापले.

साहेब म्हणाले, अंगठा वर करा, फोटो काढू.
केला. पट्टीसकट.
तो फोटो आता गणपतीच्या खिळ्यावर आहे.
काल निंबा आप्पा टोकन धरून
बराच वेळ त्याच्यापुढे उभे होते.
अंगठा कुठे दाखवतोय ते वळून बघितलं;
वर फक्त पंखा.
"काय रे लीलाधर," त्यांनी विचारलं,
"हाईच शे का काउंटर तीन?"

मी हो म्हणालो
आणि त्यांचं पासबुक घेतलं.